पन्नासच्या दशकातलं रॉकेट ब्लेंडरमध्ये: फिनच्या सांध्यावर ओरखडे, धातू खोटा आणि यान खेळण्याएवढं दिसतंय

वक्ररेषा

नमस्कार मंडळी,

१९५० च्या दशकात लोकांनी कल्पिलं होतं तसं रॉकेट बनवतोय. मधे फुगीर देह, निमुळतं नाक, शेपटीला तीन फिन (पंख) आणि उतरल्यावर त्याच फिनांच्या टोकांवर उभं राहणारं. ब्लेंडर ४.२ (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर), रेंडर म्हणजे अंतिम चित्र त्यातल्या सायकल्स इंजिनमध्ये. लांबी ३२ मीटर, सर्वांत जाड जागी व्यास ४ मीटर, फिनांची टोकं मध्यापासून ५ मीटरवर.

देहाची अर्धी बाह्यरेषा बेझिए कर्व्हने काढून मेश (बिंदू आणि कडांची जाळी) केली आहे. त्यावर स्क्रू मॉडिफायर (रेषा अक्षाभोवती फिरवणारा), ३६० अंश, ६४ स्टेप्स. एक फिन बनवून एम्प्टीच्या (रेंडरमध्ये न दिसणाऱ्या खुणेच्या) मदतीने अ‍ॅरेने तीन केले आणि बुलियन युनियनने (दोन आकार एक करणाऱ्या क्रियेने) देहाला जोडले. खिडक्याही बुलियननेच कापल्या आहेत.

तीन गोष्टी अडल्या आहेत.

एका फिनचा सांधा स्वच्छ दिसतो, उरलेल्या दोघांच्या मुळाशी काळपट ओरखडे येतात. तिन्ही एकाच फिनच्या नकला आहेत, मग फरक कशामुळे?

मटेरियलमध्ये मेटॅलिक १ आणि रफनेस (खरखरीतपणा) ०.१ ठेवलं आहे. मागे काळं आकाश असलं की अर्धा देह काळाठिक्कर पडतो. एचडीआरआय (भोवतालाचा उजेड देणारं चित्र) लावली की चकचकीत क्रोमचं खेळणं दिसतं. खऱ्या पत्र्याचा भास कुठेच नाही.

आणि ३२ मीटरचं यान बघणाऱ्याला टेबलावर मावेल एवढं वाटतं. ग्रीबल (पृष्ठभागावरचे बारीकसारीक यांत्रिक तुकडे) टाकले की आकार मोठा वाटतो खरा, पण पन्नासचं दशक जाऊन थेट सत्तरच्या दशकानंतरचं काहीतरी दिसायला लागतं.

पुढे १/१४४ प्रमाणात थ्रीडी प्रिंटही काढायची आहे, त्या अंगानेही सांगितलंत तर बरं होईल.

पत्राकाम

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. ६४ ला ३ ने भाग जात नाही.

६४ स्टेप्स म्हणजे दर ५.६२५ अंशांवर एक उभी कड. पहिला फिन ० अंशांवर आहे, तिथे नेमकी कड आहे. दुसरा १२० वर. तिथे एक कड ११८.१२५ ला येते आणि पुढची १२३.७५ ला, म्हणजे फिन दोन कडांच्या मधे आणि एका अंगाला सरकून बसतो. तिसरा २४० वर, तो बरोबर उलट अंगाला सरकतो. अशा ठिकाणी बुलियन सुईसारखे लांबट त्रिकोण आणि वेडेवाकडे एनगॉन (चारपेक्षा जास्त बाजूंचे फेस) तयार करतं. सपाट पृष्ठभागावर ते खपून गेले असते. वक्र पृष्ठभागावर त्यांचे नॉर्मल्स (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते सांगणाऱ्या दिशा) शेजाऱ्यांशी जुळत नाहीत, आणि तेच तुम्हाला ओरखडे म्हणून दिसतंय.

स्टेप्स ७२ किंवा ९६ करा. दोन्ही आकड्यांना ३ ने भाग जातो तसाच ४ नेही, त्यामुळे उद्या चार फिन करावेसे वाटले तरी अडणार नाही. २ मीटर त्रिज्येला ९६ बाजू घेतल्या तर खरं वर्तुळ आणि सरळ कड यांत जास्तीत जास्त १ मिलिमीटरच्या आसपास फरक राहतो. त्यापुढे वाढवून काही मिळत नाही. स्क्रूमध्ये व्ह्यूपोर्ट आणि रेंडर असे दोन वेगळे रकाने आहेत, ते सारखेच भरा. वेगळे राहिले तर पडद्यावर नीट दिसणारं बुलियन रेंडरमध्ये फाटतं आणि कारण लवकर सापडत नाही. मर्जही चालू ठेवा, नाहीतर अक्षावर येणारे व्हर्टेक्स (बिंदू) सुटेच राहतात.

अ‍ॅरेचंही तपासा. फिनचा ओरिजिन आणि एम्प्टी दोन्ही देहाच्या अक्षावर हवेत आणि फिनचं स्केल आधी अप्लाय केलेलं हवं. स्केल १.०२ राहिलं असेल तर तिन्ही फिन सारखे उरत नाहीत.

पण माझं स्पष्ट मत असं की फिन जोडायला बुलियन नकोच. त्या काळची धातूची यंत्रं डोळ्यांसमोर आणा. फिन हा वेगळा भाग असतो आणि तो देहाला जिथे भिडतो ती फट झाकायला वाकवलेल्या पत्र्याची पट्टी बसवतात, फेअरिंग. मॉडेलमध्येही तेच करा. फिनची जाडी मुळाशी ४० सेंटिमीटर, टोकाला १२. मुळाच्या व्हर्टेक्सचा ग्रुप करा आणि त्या ग्रुपपुरताच श्रिंकरॅप (दुसऱ्या पृष्ठभागाला चिकटवणारा मॉडिफायर) लावा, टार्गेट देह. आता पट्टी. मुळाची लूप (कडांची साखळी) डुप्लिकेट करून वेगळी काढा. त्याच लूपच्या दोन प्रती: एक देहावर २५ सेंटिमीटर बाहेर पसरवलेली, दुसरी फिनवर तेवढीच वर चढवलेली. दोन्ही ब्रिज एज लूप्सने जोडा, मधे ४ कट आणि थोडा स्मूथनेस द्या. शेवटी सॉलिडिफाय (जाडी देणारा मॉडिफायर), १ सेंटिमीटर, बाहेरच्या बाजूला. पट्टीची कड देहापासून उठून दिसते, तिची बारीक सावली पडते आणि ती सावली यानाचा आकार सांगते. देहाची मेश जशीच्या तशी राहते हा आणखी एक फायदा.

खिडक्यांना बुलियन चालेल, कारण कापाची कड झाकणारी चौकट वर येणारच आहे. ४० सेंटिमीटरच्या खिडकीला २४ बाजूंचा कटर पुरे. चौकटीसाठी टोरस (कड्याचा आकार) घ्या, त्याच्या नळीची त्रिज्या ३ सेंटिमीटर. २ मीटर त्रिज्येच्या देहावर एवढ्या रुंदीत पृष्ठभाग साधारण १ सेंटिमीटर वाकतो, म्हणजे सपाट कडं दोन बाजूंनी तेवढं अधांतरी राहणार. ३ सेंटिमीटरची नळी अर्धी आत दाबली की ती फट गिळून टाकते. काच ४ सेंटिमीटर आत ढकला.

कापाभोवती तरीही शेडिंग चिमटलेलं दिसलं तर न कापलेल्या देहाची एक प्रत लपवून ठेवा आणि डेटा ट्रान्स्फर मॉडिफायरने तिचे कस्टम नॉर्मल्स कापलेल्या देहावर उतरवा. फेस कॉर्नर डेटा, मॅपिंग निअरेस्ट फेस इंटरपोलेटेड. कापाच्या आतल्या भिंती व्हर्टेक्स ग्रुपमधून वगळा, नाहीतर त्याही देहासारख्या गुळगुळीत भासायला लागतात. एक लक्षात ठेवा: ४.१ पासून ऑटो स्मूथची जुनी खूण गेली आहे, त्याऐवजी स्मूथ बाय अँगल मॉडिफायर आहे. जुन्या ट्युटोरियलमधली ती पायरी शोधत बसू नका.

नाकाच्या टोकावर ९६ त्रिकोण एका बिंदूत येतात आणि प्रतिबिंब तिथे मुरडतं. बाह्यरेषा अक्षापासून ४ सेंटिमीटर अलीकडेच थांबवा आणि त्या भोकावर मीटरभर लांबीची अणकुचीदार दांडी बसवा. रोग जातो आणि यान त्या काळाचं दिसायलाही मदत होते.

उभा छेद

पत्राकाम यांनी सांध्याचं सगळं सांगितलं. मी आकाराबद्दल लिहितो, कारण तिसरं दुखणं ग्रीबलने बरं होणारं नाही.

आधी बाह्यरेषा. १९४२ मध्ये पहिल्यांदा यशस्वी उडालेल्या जर्मन व्ही-२ रॉकेटची लांबी १४ मीटर आणि व्यास १.६५ मीटर, म्हणजे गुणोत्तर साडेआठ. चार फिन. पन्नासच्या दशकातलं बहुतेक कल्पनाचित्रं याच आकाराची पोरं-नातवंडं आहेत. तुमचं गुणोत्तर ८ आहे, ते योग्यच. पण तुम्ही मधे सरळ नळकांडं ठेवलं असेल तर ते आधी काढा. या घराण्यात सरळ रेषा जवळपास नसतेच. सर्वांत जाड जागा नाकापासून ४० ते ४५ टक्क्यांवर, तिथून शेपटीकडे हळूहळू निमुळतं होत तळाशी व्यास २.५ मीटरच्या आसपास.

नाकासाठी अंदाजाने कर्व्ह ओढू नका, टँजंट ओजाइव्ह काढा. वर्तुळाची त्रिज्या = (रु² + ला²) ÷ २रु, यात रु म्हणजे देहाची त्रिज्या आणि ला म्हणजे नाकाची लांबी. तुमच्या यानाला रु २ मीटर आणि नाक ९ मीटर धरलं तर (४ + ८१) ÷ ४ = २१.२५ मीटर. नाकाच्या बुडाच्या पातळीवर, अक्षाच्या पलीकडे १९.२५ मीटरवर केंद्र ठेवून कंस काढा. हा कंस बुडापाशी अक्षाला समांतर होतो, त्यामुळे पुढच्या वक्राला कोपरा न पडता मिळतो. उरलेल्या बाह्यरेषेला तीन-चार कंट्रोल पॉइंट, त्याहून जास्त नकोत. पॉइंट वाढले की डोळ्याला न दिसणाऱ्या लाटा येतात आणि चकचकीत धातू त्या चव्हाट्यावर आणतो. आडव्या पट्ट्यांचा मॅटकॅप (तपासणीसाठीचं खोटं प्रतिबिंब) लावून देह फिरवून पाहा. पट्टा कुठे थरथरला तर तिथला पॉइंट काढून टाका.

मात्र सगळीच यानं अशी नव्हती. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या कॉलियर्स साप्ताहिकात रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांनी मांडलेलं तीन टप्प्यांचं वाहक रॉकेट २६५ फूट उंच आणि बुडाशी ६५ फूट रुंद होतं, म्हणजे गुणोत्तर जेमतेम ४. पहिल्या टप्प्याला ५१ इंजिनं, दुसऱ्याला ३४, तिसऱ्याला ५. त्याच मालिकेतलं चंद्रावर जायचं यान मात्र अंतराळातच जोडायचं होतं, हवेतून जायचंच नव्हतं, म्हणून त्याला ना नाक ना फिन, नुसत्या टाक्या आणि सांगाडा. तुमचं यान पृथ्वीवरून निघून पृथ्वीवर परत येतं का, हे आधी ठरवा. येत असेल तरच गुळगुळीत देहाला अर्थ आहे. हे ठरलं की अर्धे प्रश्न आपोआप मिटतात.

आता पाय. तीन पायांचं यान खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, पण कलंडायला सोपं. तीन टोकं ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर असतील तर दोन पायांना जोडणारी रेषा मध्यापासून फक्त अडीच मीटरवर येते. उतरताना टाक्या रिकाम्या आणि जड इंजिनं खाली, म्हणून गुरुत्वमध्य १३ मीटर उंचीवर धरू. मग यान ११ अंश कललं की गेलं. चार पाय असते तर तीच रेषा साडेतीन मीटरवर आणि कोन १५ अंश. तीन पायांनी तेवढी स्थिरता हवी असेल तर टोकं ७ मीटरवर न्या. तुमचे फिन ५ मीटरवर आहेत म्हणून यान उभं केलेल्या पेन्सिलीसारखं दिसतंय. बघणाऱ्याला गणित येत नसलं तरी तोल कळतो.

मोजमापाच्या खुणा. मजल्यांमधलं अंतर २.५ मीटर, खिडकीचा मध्य मजल्यापासून दीड मीटरवर. खिडक्या थोड्याच आणि मजल्यांच्या ओळीत. कुठेही शिंपडल्या की आत माणसं राहतात हे पटत नाही. दार १.८ मीटर उंच, ८० सेंटिमीटर रुंद, कोपरे गोल. शिडीच्या पायऱ्या ३० सेंटिमीटरवर. दार जमिनीपासून १८ मीटरवर असेल तर ६० पायऱ्या लागतात, आणि ही एक शिडी शंभर ग्रीबलचं काम करते. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, १.६ मीटरवर ठेवून वर बघा, लेन्स २८ ते ३५ मिलिमीटरची. यानाच्या कमरेइतक्या उंचीवरून ८५ ची लेन्स लावली की ते टेबलावरचं होणारच. डेप्थ ऑफ फील्ड बंद. पुढचं-मागचं धूसर झालं की डोळा ते वीतभर वस्तूचं छायाचित्र समजतो.

मुंबईत असाल तर मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारती वही-पेन्सिल घेऊन पाहा. बहुतेक तीस-चाळीसच्या दशकातल्या, २०१८ पासून जागतिक वारसा यादीत. जहाजासारख्या गोल खिडक्या, गोलावलेले कोपरे, भिंतीवरून धावणाऱ्या समांतर रेषा, खिडकीवर भुवईसारखा छज्जा. पन्नासच्या दशकातल्या यानांचं अलंकरण याच वळणाचं आहे. रेषा किती अंतरावर आहेत, कुठे थांबतात, कोपऱ्याला कशा वळतात हे प्रत्यक्ष मोजून घेण्यासारखं आहे.

धातुरंग

धातूला स्वतःचा असा रंग फार थोडा असतो, तो भोवतालचं दाखवतो. भोवती काळं आकाश असेल तर तो काळंच दाखवणार. तुमचं मटेरियल फारसं चुकलेलं नाही, भोवती दाखवण्याजोगं काही नाही एवढंच.

वर्ल्ड काळंच ठेवा. यानाच्या डावी-उजवीकडे दोन लांब एरिया लाइट, प्रत्येकी ४० मीटर बाय ६ मीटर. एक प्रखर, दुसरा त्याच्या पावपट. देहावर नाकापासून शेपटीपर्यंत सलग उजेडाचे दोन पट्टे येतील आणि मधे गडद भाग राहील. गोलाई त्या गडद भागामुळेच कळते. खालच्या बाजूला मंद निळसर किंवा मातकट रंगाचा मोठा प्लेन ठेवा आणि ऑब्जेक्टच्या व्हिजिबिलिटीत रे व्हिजिबिलिटीखालची कॅमेऱ्याची खूण काढा. तो चित्रात दिसत नाही, प्रतिबिंबात दिसतो. एचडीआरआय हवीच असेल तर मिक्स शेडरच्या फॅक्टरला लाइट पाथमधलं इज कॅमेरा रे जोडा, पहिल्या खाचेत एचडीआरआय, दुसऱ्यात काळा रंग.

मटेरियल: अ‍ॅल्युमिनिअमला बेस कलर ०.९१ च्या आसपास, स्टीलला ०.५५ ते ०.६. रफनेस ०.१ हा आरसा झाला, ०.२२ ते ०.३२ मधे ठेवा. अ‍ॅनिसोट्रॉपिक (झळाळी एका दिशेने ताणणारं) ०.५ ते ०.७ आणि टँजंट नोड रेडियल, झेड. घासल्याच्या रेषा देहाभोवती आडव्या असतील तर झळाळी उभी पसरते. उलट पसरत असेल तर अ‍ॅनिसोट्रॉपिक रोटेशन ०.२५ करा, तो पाव फेरा म्हणजे ९० अंश.

क्रोमच्या खेळण्यासारखं दिसण्याचं खरं कारण असं की सगळा देह एकाच अखंड तुकड्याचा भासतो. अमेरिकेच्या अ‍ॅटलास रॉकेटचे जुने फोटो बघा. १० फूट व्यासाची स्टेनलेस स्टीलची टाकी, पत्रा इतका पातळ की आत दाब नसेल तर ती आकार धरू शकत नसे. फोटोंत आडव्या कड्यांचे पट्टे स्पष्ट दिसतात आणि प्रत्येक पट्ट्याची झळाळी शेजारच्यापेक्षा किंचित वेगळी. तेच आणा. देहाचे पत्रे सांध्यांवर वेगळे करा, म्हणजे प्रत्येक पत्रा मेशमधलं वेगळं बेट होईल. मटेरियलमधल्या जॉमेट्री नोडच्या रँडम पर आयलंडवरून रफनेसमध्ये ±०.०४ आणि अ‍ॅनिसोट्रॉपिक रोटेशनमध्ये ±०.०१ फरक सोडा. त्यावर मोठ्या स्केलच्या नॉइजचा बंप (नुसत्या छायेने उंचसखलपणा भासवणारा), स्ट्रेंग्थ ०.०३. पत्रा आतल्या सांगाड्याच्या दोन फ्रेमच्या मधे किंचित पोचा आल्यासारखा दिसला पाहिजे. ०.१ केलंत की अपघात झालेली गाडी दिसते.

रंगाचं थोडक्यात. व्ही-२ च्या चाचणी रॉकेटांवरचे काळे-पांढरे चौकोन शोभेचे नव्हते. रॉकेट स्वतःभोवती फिरतंय का हे दुरून कळावं म्हणून ते होते. तुमच्या यानावर एखादा फिन वेगळ्या रंगाचा ठेवा, त्याचं कारण तेच. लाल रंगावर प्रखर उजेड पडला की एजीएक्स (ब्लेंडरचं रंग पडद्यावर उतरवायचं सेटिंग) तो गुलाबीकडे झुकवतो, म्हणून लाल थोडा गडद घ्या किंवा त्या बाजूचा दिवा उतरवा.

वक्ररेषा

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टेप्स ९६ केल्यावर युनियन तसंच ठेवूनही तिन्ही सांधे सारखे दिसतायत. आता फेअरिंगच्या पट्टीकडे वळतो. फिनांची टोकं ७ मीटरवर नेली की यान नुसतं उभं आहे असं न वाटता ठाण मांडून बसल्यासारखं वाटतं.

एक राहिलं. रिव्हेट मेशमध्ये करू की बंपने?

पत्राकाम

मेशमध्ये करा, पण इन्स्टन्स (एकाच मेशच्या हलक्या नकला) म्हणून. रिव्हेट खरे असले की कडेच्या उजेडात त्यांची रांग उठून येते, बंपला ते जमत नाही. जॉमेट्री नोड्समध्ये सांध्याच्या रेषेचा कर्व्ह, कर्व्ह टू पॉइंट्स, लेंग्थ ०.०२५ मीटर, मग इन्स्टन्स ऑन पॉइंट्स. दिशा देहाच्या नॉर्मलवरून सॅम्पल निअरेस्ट सरफेसने घ्या आणि अलाइनच्या नोडला द्या. एका रिव्हेटला १६ फेस पुरेत.

उभा छेद

इथे माझा विरोध आहे. आधी कॅमेरा किती लांब आहे ते सांगा, मग रिव्हेट. सगळं यान दिसणाऱ्या उभ्या चित्रात ३६ मीटर उंची २१६० पिक्सेलमध्ये बसवली तर एक पिक्सेल सुमारे १७ मिलिमीटरचा. रिव्हेटचं डोकं ६ मिलिमीटरचं, म्हणजे पिक्सेलचा तिसरा हिस्सा. ते दिसणार तर नाहीच, उलट अ‍ॅनिमेशनमध्ये मुंग्या आल्यासारखं चमचमत राहील. जाड भागात एका कड्याला पाचशे रिव्हेट होतात, मीटरभर अंतरावर कडी धरली तर आडव्या सांध्यांचेच सुमारे १२ हजार. इतकं करून काही न दिसणारं काम कशाला? दुरून पाहताना सांध्याच्या दोन्ही बाजूंना ६ सेंटिमीटरच्या पट्टीत रफनेस ०.०५ ने वाढवा, डोळा रिव्हेट स्वतःच भरून घेतो. दारापाशी, शिडीपाशी, फिनच्या मुळाशी जवळून चित्र घ्यायचं असेल तिथे पत्राकाम सांगतात तसे खरे रिव्हेट, तेही त्या चित्रापुरते.

आणि मोठे करून लावायचा मोह टाळा. ३ सेंटिमीटरचे रिव्हेट दुरून दिसतात खरे, पण बघणारा त्यांना ६ मिलिमीटरचंच समजतो आणि ३२ मीटरचं यान लगेच ६.४ मीटरचं होतं.

पत्राकाम

दुरून न दिसणारे लावू नयेत हे मान्य. फिनच्या फेअरिंगवर मात्र मी ते प्रत्येक चित्रात ठेवेन, फक्त दुरच्या चित्रात अंतर ५ सेंटिमीटर करून.

थरावर थर

प्रिंटचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. १/१४४ ला ३२ मीटर म्हणजे २२२ मिलिमीटर. १२ सेंटिमीटर जाडीचं फिनचं टोक ०.८३ मिलिमीटर होतं. ०.४ मिलिमीटरच्या नोझलने (प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीने) जेमतेम दोन भिंती, आणि सगळं वजन तिथेच उभं राहणार. प्रिंटच्या फाइलमध्ये टोक १८ सेंटिमीटर करा, मग १.२५ मिलिमीटर मिळतं. ६ मिलिमीटरचे रिव्हेट ०.०४ मिलिमीटर होतात, ०.०५ मिलिमीटरच्या थरात रेझिन प्रिंटरलाही ते पेलत नाहीत, काढून टाका. सांध्याच्या रेषा मात्र खोल करा, खऱ्या मापात ४ ते ५ सेंटिमीटर रुंद, तरच ०.३ मिलिमीटरची खाच उरते आणि प्रायमरखाली बुजत नाही.

प्रिंटच्या प्रत्येक तुकड्याची एकच बंद मेश लागते, म्हणून फेअरिंग वगैरे वेगळे भाग रीमेशने किंवा स्लायसरच्या (मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) युनियनने एकत्र करा. धातुरंग यांनी सांगितलेले सुटे पत्रे त्या फाइलमध्ये नकोत, कडा उघड्या राहतात. पत्रे वेगळे न केलेला देह आणि खाचा, एवढंच न्या.

देह एखाद्या आडव्या सांध्यावरच दोन तुकड्यांत कापा, म्हणजे जोड त्याच रेषेत लपतो. आत ५ मिलिमीटरची खुंटी आणि ५.२ चं भोक. रेझिनमध्ये काढत असाल तर २ मिलिमीटरची भिंत ठेवून पोकळ करा आणि आतलं रेझिन निघून जायला ३ मिलिमीटरची दोन भोकं द्या. तुमच्या यानाच्या बुडाशी इंजिनाचं तोंड आहेच, भोकं तिथेच लपतील. फिन वेगळे, आडवे पाडून छापा. देहाला जोडून उभे छापले तर थर टोकांना आडवे येतात आणि पहिल्याच धक्क्याला टोक तुटतं.